एका चालीची दोन बारशी

'डिग' ऐकून झालं की लगेच 'डोना' लावावं. मध्ये चहासुद्धा घेऊ नये. पहिली तबकडी प्रेस्टीज कंपनीची, ५ ऑक्टोबर १९५१ रोजी न्यूयॉर्कमध्ये मुद्रित झालेली. दुसरी ब्लू नोट कंपनीची, ९ मे १९५२ ची. दोन्हींवर ट्रंपेट माइल्स डेव्हिसचा, अल्टो सॅक्सोफोन जॅकी मक्लीनचा. दुसरीचा मुखडा सुरू झाला की पाच-सहा सेकंदांत डोक्यात लख्ख होतं : अरे, ही तर तीच चाल. स्वर तेच, वळणं तीच, मधली ती तिरपी उडीही तीच. फरक फक्त कागदावर. 'डिग'खाली रचनाकार म्हणून डेव्हिसचं नाव छापलेलं, 'डोना'खाली मक्लीनचं. सात महिन्यांत चालीचं दोनदा बारसं झालं आणि दुसऱ्या खेपेला बापाचं नावही बदललं.

मक्लीन तेव्हा विशीचा पोरगा. पहिलंच मोठं ध्वनिमुद्रण, आणि काचेपलीकडे ऐकायला कोण येऊन बसलेलं, तर चार्ली पार्कर. ज्याची नक्कल करत आपण वाजवायला शिकलो तोच समोर बसल्यावर बोटं थरथरतील नाही तर काय! पण 'डिग'मधलं मक्लीनचं वादन ऐका. स्वर किंचित चढा, कडेला खरखरीत, कच्च्या कैरीच्या फोडीसारखा. हा चढेपणा त्याला पुढे आयुष्यभर चिकटला आणि तीच त्याची ओळख झाली. चाल आपली आहे, हेही तो आयुष्यभर सांगत राहिला, आणि जाणकारांनी त्याचंच खरं मानलं.

आता पुढचा प्रश्न. मक्लीनची म्हणजे तरी किती मक्लीनची?

'डिग'च्या खाली १९२५ सालचं एक गाणं पडलेलं आहे, 'स्वीट जॉर्जिया ब्राउन'. त्याची सुरावट 'डिग'मध्ये कुठंही ऐकू येत नाही. ऐकू येतो तो त्याचा सांगाडा, म्हणजे कॉर्डची साखळी. ही साखळी आपल्या सरगमच्या भाषेत सांगता येते आणि सांगितली की गंमत कळते. षड्ज हे घर धरलं, तर हे गाणं घरातून निघतच नाही. ते सुरू होतं धैवताच्या कॉर्डवर. तिथं सोळा मात्रा काढतं. मग ऋषभाच्या कॉर्डवर सोळा. मग पंचमाच्या कॉर्डवर सोळा. अठ्ठेचाळीस मात्रा उलटल्यावर, ऐकणाऱ्याचा जीव पुरेसा टांगल्यावर, षड्जाची कॉर्ड येते. मग पुन्हा धैवतापासून निघायचं, पुन्हा ऋषभावर थांबायचं, आणि या खेपेला वेगळ्या वाटेनं घरी यायचं. चार मात्रांचा एक असे बत्तीस बार, म्हणजे १२८ मात्रांचं एक आवर्तन. मुखडा एकदा वाजला की एकेक वादक हीच फेरी पुन्हा पुन्हा मारतो आणि दर फेरीत नवं काही बोलतो. खाली आर्ट ब्लेकीचे ड्रम. ब्लेकी साथ करत नाही, तो मागून ढकलतो. सात मिनिटांच्या वर हे चालतं. लाँग प्ले तबकडी नुकतीच आलेली होती. तीन मिनिटांच्या जुन्या तबकडीत ही ऐसपैस बैठक मावलीच नसती. पुढे ज्याला हार्ड बॉप म्हणू लागले, ती ब्लूजकडे झुकलेली, जरा अंगाबांध्यानं दणकट अशी वादनाची तऱ्हा या तबकडीत बाळसं धरताना ऐकू येते.

'स्वीट जॉर्जिया ब्राउन' माहीत नसलं तरी 'डिग' आवडतं. माहीत असलं की मात्र दोन गाणी एकदम ऐकू येतात, एक कानात आणि एक मनात. मक्लीन जिथं मूळ गाण्याच्या जागा टाळतो तिथं हसू येतं, आणि त्याला ती जागा टाळता येत नाही तिथं अधिकच हसू येतं. जॅझवाले अशा रचनेला काँट्राफॅक्ट म्हणतात : जुन्या कॉर्डवर बेतलेली नवी सुरावट.

हे एवढं का बोकाळलं, याचं एक उत्तर कलेचं आहे आणि एक पैशाचं. अमेरिकेच्या कायद्यात गाण्याच्या शब्दांवर आणि सुरावटीवर मालकी लागते. कॉर्डची साखळी कुणाच्याच नावावर नसते. 'स्वीट जॉर्जिया ब्राउन' त्याच नावानं वाजवलं तर मूळ प्रकाशकाला पैसे मोजा. तीच साखळी घेऊन वर नवी सुरावट बसवली, नवं नाव दिलं, तर एक पैसा देणं लागत नाही. उलट नव्या सुरावटीचे हक्क कंपनीच्या घरच्याच प्रकाशनसंस्थेकडे येतात. वादकांना तर त्या साखळ्या पाठच असायच्या. १९३० सालच्या गर्शविनच्या 'आय गॉट रिदम'वर किती रचना उभ्या राहिल्या याची मोजदाद कुणी करू नये. सॅक्सोफोनवादक सनी रॉलिन्सचं 'ओलिओ' त्यातलंच एक. मुद्रणाच्या दिवशी सकाळी लिहिलं, दुपारी वाजवलं, संध्याकाळी कुणीतरी लेबलासाठी नाव विचारलं, असा हा सगळा कारभार. नावं सुचायची तरी किती? रॉलिन्सनं एकदा नायजेरियाची इंग्रजी अक्षरं उलटी लिहून 'ऐरेजिन' करून टाकलं.

याच घाईत श्रेय इकडचं तिकडं होई. 'डिग'मध्ये डेव्हिसच्या पदरात दुसऱ्याचं दान पडलं. पण त्याआधी चार वर्षं, १९४७ मध्ये, पार्करच्या पथकात असताना त्यानं 'इंडियाना' या जुन्या गाण्याच्या कॉर्डवर 'डोना ली' नावाची रचना केली आणि तबकडीवर नाव आलं पार्करचं. (ही 'डोना ली' वेगळी, वरची 'डोना' वेगळी, नावांचा तुटवडा होता हे म्हटलंच.) म्हणजे गुरूनं नकळत घेतलं आणि शिष्यानं पुढच्या पोराकडून वसूल केलं. या हिशोबात कुणाला सरसकट चोर म्हणायचं मला जमत नाही. मक्लीनची बाजू घ्यायची मात्र जमते.

मराठी कानाला यात नवल वाटू नये. आपल्याकडे संगीत नाटकानं हाच उद्योग पन्नास वर्षं उघड माथ्यानं केला. आमच्या जानेफळच्या घरात 'स्वयंवर' नाटकाचं एक जुनं पुस्तक आहे. मुखपृष्ठ गळालेलं, पानांना तपकिरी डाग, आणि कुणीतरी पदांच्या समासात पेन्सिलनं बारीक फुल्या मारलेल्या. पदाच्या माथ्यावर बारीक टायपात राग, ताल आणि मग तो शब्द : चाल. पुढे मूळ चिजेचे पहिले दोन-तीन शब्द. कंसात कोंबलेली ती अर्धी ओळ लहानपणी आम्ही ओलांडून जायचो. जॅझच्या नादाला लागल्यावर मी ती पुस्तकं पुन्हा उघडली आणि सगळ्यात आधी तीच अर्धी ओळ वाचायला लागलो. न्यूयॉर्कच्या कंपन्यांनी जे झाकायला नवी नावं शोधली, ते मुंबई-पुण्याचे छापखाने पदाच्या डोक्यावर छापून मोकळे झाले होते.

'स्वयंवर' १९१६ सालचं. नाटक कृष्णाजी प्रभाकर खाडिलकरांचं, चाली भास्करबुवा बखल्यांच्या, रुक्मिणी बालगंधर्व. बखलेबुवा तीन घराण्यांचं पाणी प्यालेले. ग्वाल्हेरच्या फैज महंमद खाँकडे, आग्ऱ्याच्या नत्थन खाँकडे आणि मग जयपूरच्या अल्लादिया खाँकडे शिकलेले. त्यांच्या पोतडीत चिजा किती असतील! नाटकासाठी त्यांनी ती पोतडी सोडली. 'सुजन कसा मन चोरी' हे भूपातलं पद 'फुलवन' या शब्दानं सुरू होणाऱ्या चिजेवर बेतलेलं, आणि 'मम आत्मा गमला' हे बिहागातलं पद 'बालम रे' या बंदिशीवर.

बिहागाचं पद जरा जवळून बघू. बिहाग चढतो तो ऋषभ-धैवत टाळून : मंद्र निषादावरून षड्जाला लागून गंधारावर जाऊन बसतो. उतरताना तेच दोन वगळलेले स्वर नुसते घासून जातात, पायाखाली आले पण पाय टेकला नाही असे. वर तीव्र मध्यमाची एक झाक, तीही जपून. सगळं वजन गंधारावर आणि निषादावर. मैफलीत ही बंदिश म्हणजे बी असतं. शब्द थोडेच, तेही आलाप-तानांत हळूहळू विरून जायचे, आणि गवयालाही ते विरायला हवेच असतात. रंगभूमीवर उलटं. पद रुक्मिणीचं आहे. कृष्ण हाच माझा आत्मा, हे तिला सांगायचंय आणि ते पिटातल्या शेवटच्या माणसाच्या कानावर शब्दन् शब्द पडायला हवं. चाल तीच, पण शब्द आता सुरांत विरघळत नाहीत. ते सुरांवर उभे राहतात. मूळ चिजेतली प्रियकराला घातलेली आर्जवी हाक इथं ठाम जाहीरनामा होते. बिहागाची गंधारावरची ती बैठक जणू याच ठामपणासाठी घडली होती, असं वाटायला लागतं. बालगंधर्व पुढे त्यात इतक्या हरकती भरत की वन्स मोअरच्या गदारोळात शब्द पुन्हा विरघळतच, आणि गाडी फिरून मैफलीच्या अंगणात येई. तेही खरंच.

मात्र या छापील प्रामाणिकपणात एक भोक आहे. पुस्तकात चाल छापली, चालीचा कर्ता छापला नाही. 'बालम रे' कुणाची, हे त्या अर्ध्या ओळीत नाही. तेव्हाच्या कुणालाच ते विचारावंसं वाटलं नसणार. चीज ही घराण्याची, गुरूची, फार तर परमेश्वराची. न्यूयॉर्कच्या लेबलावर कर्त्याचं नाव असे (मग ते चुकीचं का असेना) आणि मूळ गाण्याचा पत्ता नसे. पुण्याच्या पुस्तकात मूळ गाण्याचा पत्ता असे आणि कर्ता गायब. दोन्ही कागद शेजारी ठेवले की प्रत्येकाला काय सांगायची गरज वाटत होती आणि काय लपवायची, ते उघडं पडतं. बाजार एकीकडे नावावर चालत होता आणि दुसरीकडे ओळखीवर. प्रेक्षकाला 'अमक्या चिजेची चाल' म्हटलं की तिकिटाचे पैसे वसूल वाटत. लावणी, साकी, दिंडी, कानडी पदं, सगळं अण्णासाहेब किर्लोस्करांनी १८८० च्या 'शाकुंतला'पासून ओळखीच्या जोरावरच आणलं.

आमच्या मेहकर तालुक्यातलं उदाहरण घ्यायचं तर त्यात नावाची गंमत निराळीच आहे. ना. घ. देशपांडे मेहकरला वकिली करायचे. त्यांची 'शीळ' ही कविता जी. एन. जोशींनी चाल लावून गायली, एच. एम. व्ही.नं तबकडी काढली, आणि मराठी भावगीताच्या सुरुवातीच्या तबकड्यांत तिचं नाव आजही घेतात. पण लोकांनी 'शीळ' हे नाव कधी घेतलंच नाही. कवितेच्या पुस्तकात ती 'शीळ', रेडिओवर 'रानारानात'. आमच्याकडच्या म्हाताऱ्यांना विचारा, 'शीळ' कुणाची? उत्तर येईल, कसली शीळ? 'रानारानात' म्हणा, लगेच गुणगुणायला लागतील. कवीनं ठेवलेलं नाव कपाटात राहिलं आणि लोकांनी ठेवलेलं गावभर हिंडलं. यात कुणी कुणाचे पैसे बुडवले नाहीत, म्हणून ही गोष्ट कुणी शोधून काढली नाही. खरं तर शोधायची काही गरजही नव्हती.

सोयाबीनच्या मळणीच्या दिवसांत रात्री उशिरा हार्ड बॉप ऐकणारा माणूस जानेफळात असावा हे शेजाऱ्यांना अजून पटलेलं नाही. वाजतंय की वाद्य लावताहेत, असं विचारून झालंय. एका तबकडीवर मात्र त्यांचीही मान हलली : होरेस सिल्व्हरचं 'द प्रीचर'. ६ फेब्रुवारी १९५५ चं मुद्रण, केनी डोरॅम, हँक मोब्ली, डग वॉटकिन्स आणि पुन्हा ब्लेकी. चर्चमधल्या टाळ्यांचा ठेका, प्रवचनकारानं एक वाक्य टाकावं आणि मंडळींनी उचलून धरावं असा सवाल-जवाब. ऐकणाऱ्याला आपोआप भजनी मंडळ आठवतं. आणि याचं मूळ? 'शो मी द वे टू गो होम', १९२५ सालचं इंग्लंडमधलं गाणं, दारू पिऊन दमलेल्या माणसाचं, ज्याला आता फक्त घरी जाऊन झोपायचंय. तर्राट माणसाच्या गाण्यातून प्रवचनकार उभा केला! त्या मूळ गाण्यावर कर्त्याचं नाव 'अर्व्हिंग किंग' असं आहे आणि तेही टोपणनाव. त्यामागे जिमी कॅम्पबेल आणि रेज कॉनेली असे दोघं. ब्लू नोटच्या आल्फ्रेड लायनला 'द प्रीचर' पसंत नव्हतं, वगळाच म्हणत होता. सिल्व्हर अडून बसला. तबकडी तुफान चालली. लावणीच्या चालीवर अभंग म्हणणारे कीर्तनकार ज्यांनी ऐकलेत, त्यांना सिल्व्हरची बाजू चटकन कळेल. चालीला सोवळंओवळं नसतं. ती कुणाच्या तोंडी जाते आणि कुठल्या लयीत, यावर तिचं कुळ ठरतं. 'द प्रीचर'ची लय मूळ गाण्यापेक्षा फार वेगळी नाही. पण मूळ गाण्यातला दारुड्या जिथं झोकांड्या देतो, तिथं सिल्व्हरचा पियानो पाय रोवून उभा राहतो. सगळा फरक त्या पाय रोवण्यात.

'वॉकिन'' मात्र मला कधी निर्मळ मनानं ऐकता येत नाही. २९ एप्रिल १९५४. डेव्हिस, जे. जे. जॉन्सन, लकी थॉम्प्सन, सिल्व्हर, पर्सी हीथ, केनी क्लार्क. बारा बारचा ब्लूज, संथ पण अंगात रग असलेला. हार्ड बॉपचा पाया म्हणून ज्या दोन-चार तबकड्या दाखवतात त्यांतली ही एक. रचनाकार म्हणून छापलंय रिचर्ड कारपेंटर. हे गृहस्थ वादकांचे व्यवस्थापक. आणि हीच चाल त्याआधी जीन अॅमन्सनं 'ग्रेव्ही' या नावानं वाजवलेली. चाल जिमी मंडीची असावी, असं जुने लोक म्हणत आले. इथं घाई नव्हती, विसर नव्हता, नावांचा तुटवडाही नव्हता. बाजारात बसलेल्या माणसानं पाटी बदलली. वादन अप्रतिम आहे. लेबल वाचलं की तोंड कडू होतं.

'सोलर'ची गोष्ट याहून बोचरी, कारण ती दगडावर कोरलेली आहे, अगदी शब्दशः. डेव्हिस १९९१ मध्ये गेला. न्यूयॉर्कच्या वुडलॉन दफनभूमीतल्या त्याच्या समाधीवर ट्रंपेटचं चित्र आहे आणि 'सोलर'चे पहिले दोन बार स्वरलिपीत. 'सोलर'चं मुद्रण ३ एप्रिल १९५४ चं. बारा बारच आहेत, पण ब्लूजचे नाहीत. ब्लूज दर बारा बारनी घरी येऊन टेकतो. 'सोलर' घराच्या दारात पोचतं आणि आत न शिरता वळतं, त्यामुळे एक फेरी कुठं संपली आणि दुसरी कुठं लागली याचा सांधा सापडत नाही. डेव्हिस यात ट्रंपेटला कप म्यूट लावून वाजवतो, आवाज जाड कापडाआडून आल्यासारखा. या रचनेचं सगळं सौंदर्य त्या न टेकण्यात आहे. मग २०१२ मध्ये लोकांसमोर आलं की गिटारवादक चक वेननं १९४६ मध्ये ओक्लाहोमा सिटीत 'सनी' नावाची एक रचना मुद्रित केली होती. ट्रंपेटवादक सनी बर्मनच्या नावे केलेली. वेनच्या घरच्यांनी त्याचा संग्रह अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसला दिला, त्यात ते मुद्रण होतं. ऐकणाऱ्यांना कळायला वेळ लागला नाही. सनीचा सोलर झाला. वेन १९९७ मध्ये गेला. समाधीचा दगड मात्र अजून डेव्हिसच्याच उशाशी आहे.

इथं आपल्या बंदिशकारांची एक युक्ती आठवते. ते नाव लेबलावर ठेवतच नसत. शब्दांतच विणून टाकत. नियामत खाँचा 'सदारंग', फैयाज खाँचा 'प्रेमपिया', विलायत हुसेन खाँचा 'प्राणपिया'. अंतऱ्यात मुद्रा आली की कर्ता कोण ते गाणाऱ्याला गावंच लागतं. व्यवस्थापकाला तिथं हात घालायला जागा नाही. अर्थात बिनशब्दांच्या सॅक्सोफोनला ही सोय कुठून मिळणार? आणि मुद्रेलाही पळवाटा होत्याच. सदारंगाच्या नावाला एवढा भाव आला की दुसऱ्यांनी आपल्या रचनांत त्याचं नाव घातलं, म्हणजे चीज आपली आणि श्रेय थोरल्याचं. अमेरिकन व्यवस्थापकाला हे ऐकून झीट आली असती.

सगळीच दुहेरी नावं अशी कोर्टकचेरीच्या तोंडची नसतात. केनी डोरॅमचं 'लोटस ब्लॉसम' घ्या. १९५९ च्या 'क्वाएट केनी' या तबकडीवर ते या नावानं आहे : आधी खाली पियानो आणि बास एकच गुंजणारा ठेका धरून बसतात, वर ट्रंपेट हलकेच येतो, आणि मग अचानक गाठ सुटून सरळ झुलती लय सुरू होते. डोरॅमचा स्वर कधी आरडाओरडा करत नाही, थोडा धुरकट, आतल्या आत बोलणारा. दोन वर्षं आधी, सप्टेंबर १९५७ मध्ये, रॉलिन्सनं 'न्यूक्स टाइम' या तबकडीवर हीच रचना वाजवली, नाव 'एशियाटिक रेज'. श्रेय दोन्हीकडे डोरॅमचंच. सॅक्सोफोन एकटा, ट्रंपेट नाही, मागे फिली जो जोन्सचे ड्रम. तीच रचना, पण रॉलिन्स ठेक्याच्या भागात थांबायलाच तयार नाही. गाठ सुटण्याची वाट न बघता तो ती कापतो. दोन नावं दोन स्वभावांना इतकी शोभतात की बदललं कुणी आणि का, हे विचारावंसंच वाटत नाही. वर आणखी गोंधळ असा की बिली स्ट्रेहॉर्नचंही एक 'लोटस ब्लॉसम' आहे, अगदी निराळं, आणि ते आधी 'शार्लट रूस' या नावानं वाजत होतं. शोधाशोध करणाऱ्यानं आधी नाव सोडावं आणि मुखडा धरावा.

मुंबईनं तर याची हिंदी आवृत्ती काढली. पुणतांब्याचे रामचंद्र चितळकर, म्हणजे सी. रामचंद्र, यांचं १९५० च्या 'समाधी'तलं 'गोरे गोरे' हे १९४५ च्या 'डॉल फेस' या हॉलिवूडपटातल्या 'चिको चिको'वरून घेतलेलं. रामचंद्रांच्या वाद्यवृंदात गोव्याचे जॅझवादक असत. अल्डोनाचा आंतोनियो शावियेर वाझ, म्हणजेच चिक चॉकलेट, त्यांतला अग्रणी. रात्री हॉटेलात अमेरिकन गाणी वाजवायची आणि दिवसा स्टुडिओत त्यांचेच तुकडे हिंदी गाण्यांत बेमालूम बसवायचे, असा या मंडळींचा दिनक्रम. तबकडीवर ना मूळ गाण्याचं नाव, ना वाद्यमेळ रचणाऱ्याचं. नाट्यपदाच्या पुस्तकानं निदान चाल छापली होती.

रॉलिन्सचा मुंबईशी संबंध थेट आहे. साठच्या दशकाच्या उत्तरार्धात तो वादन थांबवून पवईला, स्वामी चिन्मयानंदांच्या आश्रमात काही महिने राहून गेला, आणि १९७८ मध्ये पहिल्या जॅझ यात्रेत मुंबईत वाजवून गेला. त्याच १९७८ साली पुलंचा 'तीन पैशाचा तमाशा' आला. ब्रेश्ट आणि कुर्ट वाइल यांच्या १९२८ च्या जर्मन नाटकावर बेतलेला, नंदू भेंडे त्यात गायले. त्या जर्मन नाटकातलं सगळ्यात गाजलेलं गाणं अमेरिकेत 'मॅक द नाइफ' म्हणून घराघरात गेलं. रॉलिन्सनं मात्र ते 'मोरिटाट' या त्याच्या मूळ जर्मन नावानं वाजवलं. तबकडी 'सॅक्सोफोन कोलोसस', २२ जून १९५६. खून-दरोड्याचं गाणं, आणि रॉलिन्स ते एखाद्या रंगेल, रिकामटेकड्या माणसाच्या चालीनं वाजवतो. मराठीतल्या तमाशाशी त्याची भेट झाली असती तर दोघांचं जमलं असतं.

त्याच तबकडीवरचं पहिलं वादन 'सेंट थॉमस'. रॉलिन्सची आई कॅरिबियन समुद्रातल्या त्या बेटाची. ही चाल त्यानं लहानपणी तिच्याकडून ऐकलेली. लेबलावर नाव रॉलिन्सचं. एक वर्ष आधी, १९५५ मध्ये, पियानोवादक रँडी वेस्टननं हीच चाल 'फायर डाउन देअर' नावानं मुद्रित केली होती. म्हणजे चाल बेटावरची, आयांच्या तोंडची, कुणा एकाची नाहीच. रॉलिन्सच्या तबकडीत मॅक्स रोच आधी एकटाच कॅलिप्सोचा ठेका धरतो. मग चाल येते, साधी, बाळबोध, कुणालाही दुसऱ्यांदा गुणगुणता येईल अशी. पुढे रॉलिन्स उपज सुरू करतो आणि बराच वेळ दोनच स्वर वाजवत राहतो. तेच दोन, कधी समेच्या आधी, कधी मागे, कधी तोडून. ऐकणाऱ्याला वाटतं, याला पुढे काही सुचत नाही की काय? मग त्या दोन स्वरांतून तिसरा फुटतो आणि त्यातून अख्खं वाक्य. मध्ये रोचचे ड्रम एकटेच बोलतात, आणि त्यानंतर रॉलिन्स परततो तेव्हा कॅलिप्सो गेलेला असतो, खाली सरळ चालतं जॅझचं चार मात्रांचं अंग आलेलं असतं. चाल तीच, जमीन बदललेली.

वेस्टनची तबकडी फारशी कुणी लावत नाही. 'सेंट थॉमस' आधी पाठ असलेल्याला ती फिकी वाटते, हे मी समजू शकतो. तरी ती आधी ऐकावी. त्यात चालीला कुणी अजून हात लावलेला नाही.